महिनाभर पडून राहिलेलं नाव

क्वेकर लोकांत निवडणूक नसते. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्याच्या पंधरा दिवस आधी बहरीनमधल्या आमच्या मराठी मंडळाची वार्षिक सभा झाली होती, आणि गणपतीच्या कमिटीचा अध्यक्ष कोण यावरून दोन बँकवाले आणि एक चार्टर्ड अकाउंटंट भर हॉलमध्ये एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. माझा नवरा तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी. तो सोडवायला मध्ये पडला आणि शर्टाची दोन बटणं गमावून घरी आला. मी म्हटलं, खलास, आता या लोकांचं तोंड पाहायचं नाही.

त्याच सुमारास ऑफिसातल्या एका वयस्कर ब्रिटिश बाईंनी मला शुक्रवारी सकाळी त्यांच्या घरी बोलावलं. उम्म अल हस्समला, चौथ्या मजल्यावर. तिथे बारा माणसं गोलात खुर्च्या मांडून तासभर गप्प बसत. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतलाच एक छोटा पंथ, पण पाद्री नाही, पोथी नाही, गाणं नाही. कुणाला आतून काही सुचलंच तर उभं राहून दोन वाक्यं बोलायची आणि खाली बसायचं. मला कुणी धर्म विचारला नाही, बदलायला तर मुळीच सांगितलं नाही. एसीची घरघर आणि खालच्या रस्त्यावरचा एखादा हॉर्न, एवढाच काय तो आवाज. मंडळातल्या आरडाओरड्यानंतर तो तास मला माहेरपणासारखा वाटला. त्याला सात वर्षं झाली. मी अजून जाते, पण आता त्या गोलात बसताना मला शिसारी येते. ती कशाची येते ते एकदा लिहून काढावं म्हणून बसले आहे.

आधी रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुरोहितच नसल्यामुळे सगळी कामं आपसात वाटून घ्यावी लागतात आणि प्रत्येक काम तीन वर्षांसाठी असतं. चहापाणी बघणारं एक जण, मुलांना तासभर गुंतवून ठेवणारं एक जण, आजाऱ्याची विचारपूस करणारं एक जण. यात सगळ्यात महत्त्वाचं काम क्लार्कचं. माझे सासरे जन्मभर जिल्हा परिषदेत क्लार्क होते, त्यांना हे सांगितलं असतं तर हसून हसून ठसका लागला असता. पण इथे महिन्यातून एकदा कामकाजाची सभा होते तेव्हा टेबलाशी क्लार्कच बसतो. सगळ्यांचं ऐकून घेतो, सगळ्यांना मिळून काय वाटतं आहे ते तिथल्या तिथे लिहितो आणि वाचून दाखवतो. मतदान नाही. वाचून झालं की एकेकाने 'होप सो' म्हणायचं. आशा आहे, म्हणजे मान्य आहे. एकानेही म्हटलं नाही तर ते लिहिलेलं कच्चं राहतं, पुन्हा गप्प बसायचं आणि पुन्हा लिहायचं. ही अट मला फार आवडली होती. अकरा जण एका बाजूला असले तरी बाराव्याला तुडवून पुढे जाता येत नाही, हे मंडळात कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

नेमणुकीची रीतही अशीच सोवळ्यातली. 'मला हे काम द्या' असं कुणी स्वतःहून म्हणायचं नाही. तीन जणांची एक समिती असते. ती गप्प बसून नावांचा विचार करते. कुणाला काय हवं आहे ते बघायचं नाही, कुणामध्ये कुठला गुण वापराविना पडून आहे ते बघायचं. नाव सुचलं की त्या माणसाला जाऊन विचारायचं, विचार करायला आठवडा द्यायचा. तो हो म्हणाला की नाव सभेपुढे मांडायचं. मांडलं तरी लगेच नेमणूक नाही. नाव महिनाभर तसंच पडू द्यायचं. त्या महिन्यात कुणाला काही खटकलं तर ते त्याने एकट्यात क्लार्कच्या कानावर घालायचं, म्हणजे चारचौघांत कुणाचा पाणउतारा होत नाही. पुढच्या सभेत नाव परत आलं तर नेमणूक झाली. आलं नाही, तर का आलं नाही हे विचारायची पद्धत नाही.

मला हे किती सुसंस्कृत वाटलं होतं. मंडळात निदान शिवी तोंडावर मिळते, याची किंमत मला तेव्हा कळली नव्हती.

आमच्या गटात एक सिस्टर होत्या. सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत, हॉस्पिटलातल्या नर्स. गटात सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात, मानाच्या उपाध्या क्वेकरांना चालत नाहीत. पण माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी त्यांना सिस्टर म्हणायचे आणि त्या मला बाय. वसईच्या ख्रिस्ती. शाळा मराठी माध्यमाची, घरची बोली आणखी वेगळी, इंग्रजी शिकल्या ती नर्सिंगला गेल्यावर. इथल्या एका हॉस्पिटलात त्यांना सत्तावीस वर्षं झाली होती. राहायच्या नईमला, एका जुन्या इमारतीत, दोन मल्याळी नर्सेसबरोबर.

गटात त्या माझ्या कितीतरी आधीपासून होत्या, पंधरा वर्षं. आणि पंधराही वर्षं त्यांच्याकडे चहा. तीन वर्षं संपली की समिती गप्प बसायची आणि त्या गप्प बसण्यातून दरवेळी हेच निघायचं की सिस्टरांमधला गुण म्हणजे चहा. रात्रपाळी करून त्या थेट यायच्या, कप मांडायच्या, पुदिना धुऊन ठेवायच्या, मग गोलात येऊन बसायच्या. तास संपायला पाच मिनिटं उरली की हळूच उठून किटली लावायच्या. म्हणजे त्या शांततेची शेवटची पाच मिनिटं त्यांना पंधरा वर्षांत एकदाही मिळाली नव्हती. हे माझ्या कधी लक्षातही आलं नाही. मी आपली डोळे मिटून तल्लीन, आणि डोळे उघडले की चहा तयार.

वसईत त्यांचं घर चर्चच्या अंगणाला लागून. अकराव्या वर्षापासून वेदीवरची फुलं त्या बदलायच्या. "फुलं ठेवायची आणि मागे येऊन बसायचं," त्या एकदा मला म्हणाल्या. "पुढे काय चाललंय ते लोकांच्या पाठींमधून बघायचं." इथे गोलात बसतात, कुणाचीच पाठ दिसत नाही, म्हणून त्या आल्या आणि राहिल्या. ते घरी कळलं तेव्हा थोरल्या भावाने दोन वर्षं बोलणं टाकलं. सुट्टीला गेल्या की रविवारी सगळं घर मिस्साला जायचं आणि या ओट्यावर एकट्या तासभर गप्प बसायच्या. शेजारणी विचारायच्या, बाईला बरं नाही का. या माणसांसाठी त्यांनी एवढं सोसलं होतं, आणि ही माणसं म्हणजे आम्ही.

दीड वर्षापूर्वी त्या वयस्कर ब्रिटिश बाईंनी, म्हणजे आमच्या यजमानबाईंनी, बहरीन कायमचं सोडून जायचं ठरवलं. नऊ वर्षं त्याच क्लार्क होत्या, म्हणजे नवा क्लार्क शोधायला हवा होता. त्या वर्षी समितीत मी होते. बाकीचे दोघे म्हणजे एका शाळेत मुलांचं समुपदेशन करणारी कॅनेडियन बाई आणि तुबलीत स्वतःचं वर्कशॉप असलेला एक स्कॉटिश इंजिनिअर. आम्ही त्याच्याच केबिनमध्ये भेटायचो, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, बाहेरचा ग्राइंडर थांबला की.

पहिल्याच बैठकीत दहा मिनिटं गप्प बसल्यावर मी सिस्टरांचं नाव घेतलं. खरं सांगते, मला ते मनापासून सुचलं होतं. आदल्या महिन्याच्या सभेत एका भांडणाच्या विषयावर सगळे गोल गोल बोलत होते, तेव्हा चहाचे कप गोळा करता करता सिस्टरांनी एका वाक्यात सगळ्यांचं म्हणणं सांगून टाकलं होतं आणि यजमानबाईंनी तेच वाक्य जसंच्या तसं वहीत लिहिलं होतं. इंजिनिअर म्हणाला, हे नाव ऐकून त्याला बरं वाटलं. कॅनेडियन बाईचे डोळे भरून आले. तिचे डोळे लवकर भरतात. विचारायचं काम माझ्याकडे आलं, कारण भाषा एक.

मी नईमला गेले. सिस्टर नुकत्या झोपून उठल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"क्लार्क म्हणजे टेबलाशी बसायचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंतच. क्लार्क उठला तर सभा कशी चालेल?"

"मग चहा?"

"चहा कुणीतरी दुसरं बघेल."

तेव्हा त्यांनी मला त्या पाच मिनिटांचं सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. मग म्हणाल्या, "हॉस्पिटलने माझं तीन वर्षांचं शेवटचं कॉन्ट्रॅक्ट केलंय, बाय. नंतर व्हिसा खलास, मी वसईला. तिकडे आपल्यातलं कुणी नाही. हे तीन वर्षं मिळालं तर मी घेऊन जाईन."

मी विचारलं, लिहायचं दडपण नाही ना येणार. त्या हसल्या. "सत्तावीस वर्षं मी दर पाळीला रिपोर्ट लिहिते. काय झालं ते लिहायचं, कोण चुकलं ते नाही. पेशंट पडला, तर पडला एवढंच लिहायचं. आणि जे लिहिलं ते पुढच्या पाळीला समजलं पाहिजे. तुमच्या वहीत याच्याहून वेगळं काय असतं?"

आठवडाभराने त्यांचा फोन आला, हो म्हणायला. आवाजात हसू मावत नव्हतं. आदल्या दिवशी वसईला बोलणं झालं होतं. थोरल्या भावाने विचारलं होतं, तुमच्यात फादर नाही म्हणे, मग पुढे कोण बसतं? "मी त्याला सांगितलं, या वर्षीपासून मी," त्या म्हणाल्या. "तर तो म्हणतो, जेवलीस का."

पुढच्या सभेत आम्ही नाव मांडलं. रीतीप्रमाणे त्या तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांचे चेहरे प्रसन्न होते, कुणी चकार शब्द काढला नाही. मौनं सर्वार्थसाधनम् म्हणतात ते काही उगीच नाही. नाव महिनाभर पडून राहायला लागलं.

तिसऱ्या आठवड्यात यजमानबाईंचा मला फोन. एका फ्रेंडला जरा अस्वस्थ वाटतं आहे, 'नॉट ईझी', इथला नेहमीचा शब्द. क्वेकर एकमेकांना फ्रेंड म्हणतात. कोण, ते त्या सांगणार नव्हत्या, तशी पद्धत नाही. आजही मला ते माहीत नाही. मी बाराच्या बारा चेहरे मनातल्या मनात तपासले आहेत, आणि कधीकधी वाटतं की असा कुणी नव्हताच, त्यांनाच वाटलं आणि त्यांनी ते दुसऱ्याच्या नावावर घातलं.

आम्ही पुन्हा तुबलीला जमलो, या वेळी यजमानबाईही आल्या. तिथे जे बोलणं झालं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. कुणी वाईट बोललं असतं तर मी भांडले असते, भांडायची सवय मला मंडळाने लावलेली आहे. पण सगळं कसं मऊ, साळसूद, दुधात साखर घातल्यासारखं. पाळीची ड्यूटी असते, तिच्यावर आणखी ओझं टाकणं प्रेमाचं होईल का? ती स्वभावाने मागे राहणारी, तिला पुढे ओढणं म्हणजे आपल्याच समाधानासाठी नाही ना? आणि चहा. चहातून ती जे देते ते किती दुर्मिळ आहे, ते आपण हिरावून तर घेत नाही? शेवटी इंजिनिअरने घसा साफ केला आणि म्हणाला, बाहेरच्या गटांना पत्रं जातात, त्यांची उत्तरं येतात, क्लार्कची भाषा म्हणजे एका अर्थी आपल्या सगळ्यांची भाषा. त्याने 'इंग्रजी' हा शब्द वापरला नाही. कुणीच वापरला नाही. चौघांनाही तो स्वच्छ ऐकू आला.

मला रिपोर्टचं सांगायचं होतं. पेशंट पडला तर पडला. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण तेवढ्यात कॅनेडियन बाईने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून माझंच नाव घेतलं. इतकी वर्षं समोर असून दिसलं कसं नाही, म्हणाली. यजमानबाई हसल्या, त्या मला ऑफिसपासून ओळखत होत्या, माझी पत्रं त्यांनी पाहिलेली होती. इंजिनिअर म्हणाला, हे नाव ऐकून त्याला बरं वाटलं. अगदी तेच वाक्य, त्याच आवाजात.

आणि मला आनंद झाला. हे लिहायचं नसेल तर बाकीचं लिहून उपयोग नाही. मला चांगला गुदगुल्या झाल्यासारखा आनंद झाला. पुण्यात मराठी शाळेत शिकलेली मी, मराठी माध्यम म्हणून कॉलेजात चार पोरींनी नाक मुरडलेलं, आणि आता हे लोक म्हणत होते की आमची भाषा तू. रिपोर्टचं वाक्य मी गिळलं. सवयीने विचार करायला आठवडा मागितला, तर यजमानबाई म्हणाल्या की त्यांचं विमान ठरलेलं आहे, वेळ नाही. माझं नाव महिनाभर पडून राहणार नव्हतं. या एका वेळेपुरती ती अट बाजूला ठेवायला कुणाला काहीच अस्वस्थ वाटलं नाही.

"सिस्टरांना कोण सांगणार?" मी विचारलं.

यजमानबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. नाव परत येत नाही तेव्हा त्याबद्दल बोलत नाहीत, म्हणाल्या, त्यातच माया असते. तिला समजेल. तिच्यासाठी आपण मनात जागा ठेवू या. मी मान हलवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो इतक्या हळुवार हातांनी देता येतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या हातांत माझाही एक होता.

क्वेकरांची रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ती ज्या कुणी घातली त्याला माणसाची अब्रू सांभाळायची होती. आम्ही ती आमची अब्रू सांभाळायला वापरली.

घरी मी हे जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, मंडळात असं झालं असतं तर तू महिनाभर जेवली नसतीस. बारावीतली मुलगी मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "सो यू गाइज घोस्टेड हर. न सांगता गायब." मी तिला म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. "ओके," ती म्हणाली. "देन जस्ट कॉल हर, आई." मी उठून भांडी विसळायला लागले.

सभेच्या चार दिवस आधी सिस्टर मला भेटल्या. नईमला त्यांच्या इमारतीखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. मी त्या भागात दुसऱ्याच कामाला गेले होते आणि पाण्याची बाटली घ्यायला शिरले. त्या काउंटरपाशी पेनं निवडत होत्या. एकेक पेन पुठ्ठ्यावर चालवून बघत होत्या.

"शाई लगेच वाळायला हवी ना," त्या म्हणाल्या. "तिथल्या तिथे वाचून दाखवायचं म्हणजे. हॉस्पिटलातली फुटकळ पेनं नकोत." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "बाय, शुक्रवारी होईल ना गं सगळं नीट?"

दुकानात आम्ही दोघी आणि एक बंगाली काउंटरवाला. आपल्या भाषेत बोलत होतो, कुणाला काही कळणार नव्हतं. सांगायला दोन मिनिटं लागली असती. सिस्टर, त्यांनी तुमचं नाव मागे घेतलं आहे. त्यांनी नव्हे, आम्ही. आणि तिथे मी बसणार आहे.

"इंशाल्ला," मी म्हटलं.

बहरीनमध्ये हा शब्द प्लंबरपासून मॅनेजरपर्यंत सगळे रोज वापरतात आणि मीही वापरते. कुणी नरो वा कुंजरो वा म्हटलं तर निदान अर्धं तरी खरं असतं. माझ्या त्या शब्दात तेवढंही नव्हतं. सिस्टरांनी निळं पेन घेतलं, जरा महागातलं, आणि माझ्या बाटलीचे पैसेही द्यायला लागल्या. मी नको नको म्हणत बाहेर पळाले. गाडीत बसल्यावर मला माझी इतकी किळस आली की ते पाणी प्यायलं गेलं नाही.

शुक्रवारी त्या साडी नेसून आल्या होत्या. एरवी कुर्ता आणि पायात हॉस्पिटलचे बूट. आज चहा जमणार नाही असं त्यांनी यजमानबाईंना आदल्या दिवशी कळवलं होतं, म्हणून टेबलावर ज्यूसचे खोके मांडलेले होते. मौनाच्या तासात पहिल्यांदा त्या शेवटच्या मिनिटापर्यंत बसून राहिल्या. मी डोळे मिटले नाहीत. त्यांचे मिटलेले होते आणि चेहरा इतका निवांत होता की मला उठून निघून जावंसं वाटलं.

मग कामकाज सुरू झालं. यजमानबाईंनी शेवटचं म्हणून वही उघडली, लिहिलं आणि वाचलं. समितीकडून क्लार्क म्हणून एक नाव आलं आहे. त्यांनी माझं नाव वाचलं. सिस्टरांनी डोळे उघडले. आधी यजमानबाईंकडे बघितलं, वाचताना चूक झाली असेल तसं. मग माझ्याकडे. मी माझ्या चपलेचा पट्टा बघत होते.

होप सो, इंजिनिअर म्हणाला. होप सो, कॅनेडियन बाई. गोल पुढे सरकत सिस्टरांपर्यंत आला. त्यांनी एकटीने तोंड बंद ठेवलं असतं तरी सगळं तिथेच थांबलं असतं. मला वाटतं मी मनातून तीच आशा करत होते, म्हणजे माझ्या वाटचं काम त्यांनी केलं असतं. "होप सो," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा, स्वच्छ. माझ्यासाठी म्हणाल्या त्या. मी त्यांची होते ना.

मी उठून टेबलाशी जाऊन बसले. यजमानबाईंनी वही माझ्यापुढे सरकवली आणि कानात म्हणाल्या, सोप्या विषयापासून सुरुवात कर. सोपा विषय म्हणजे ज्या नेमणुका पुढे चालू ठेवायच्या त्यांची यादी. पहिली ओळ चहा. चहाच्या नावाला महिनाभर पडून राहावं लागत नसे, आणि त्या माणसाला आधी विचारायचं हेही कुणाला कधी सुचलं नव्हतं. मी लिहिलं आणि वाचलं. आमच्या या फ्रेंडने पुढची तीन वर्षं चहापाण्याची सेवा करावी असं आम्हाला वाटतं.

अकरा होप सो आले. बारावा आला नाही.

"नो," सिस्टर म्हणाल्या. "आय ॲम नॉट ईझी." आदल्या आठवड्यात त्यांच्याबद्दल वापरलेला शब्द, पण त्यांनी तो सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने वापरला. मग त्या उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे वळून मराठीत बोलल्या.

"लिही, बाय. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. नंतर मला कुणी काही सांगितलं नाही. एवढंच लिही. कुणाचं नाव नको घालू."

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यांना भाषा कळली नव्हती, मला कळली होती. तीन वाक्यं होती. तिन्ही खरी होती, त्यांत कुणावर आरोप नव्हता, आणि पुढच्या पाळीला समजतील अशी होती. इतका चांगला मसुदा त्या वहीत नऊ वर्षांत कुणी लिहिला नसेल. मला फक्त त्याचं भाषांतर करायचं होतं.

"शी वुड लाइक टु बी रिलीज्ड फ्रॉम द टी," मी म्हटलं.

सगळ्यांचे खांदे सैल झाले. अर्थातच, कॅनेडियन बाई पुटपुटली आणि तिचे डोळे भरून आले. मी ओळ खोडून नवीन लिहिली. आमच्या फ्रेंडने या सेवेतून मोकळं करण्याची विनंती केली आहे, पंधरा वर्षांच्या तिच्या मायेच्या सेवेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. इंग्रजी फार छान उतरलं होतं. मी ते वाचून दाखवलं. सत्तावीस वर्षं इंग्रजीत रिपोर्ट लिहिणाऱ्या बाईला त्यातला शब्द न् शब्द कळत होता, हे मला माहीत होतं.

होप सो, होप सो, होप सो. इंजिनिअर आपल्या बुटांकडे बघत म्हणाला. मी अकरापर्यंत मोजलं आणि सिस्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते मिटलेलंच होतं. अशा वेळी क्लार्कने पेन खाली ठेवायचं असतं. सगळ्यांना पुन्हा गप्प बसायला सांगायचं असतं, लागला तर तास, लागला तर महिना. याच एका अटीसाठी मी साडेपाच वर्षं त्या खोलीत येत होते.

मी त्या ओळीखाली सही केली. सिस्टर अजून उभ्याच होत्या, आणि मी पुढचा विषय वाचायला घेतला.